डालग्यात मावतील तेवढी कोकरं

गेल्या आषाढातली गोष्ट. सकाळचा चहा घेत वर्तमानपत्र चाळत बसलो होतो, तोच फोन वाजला. पलीकडून एक तरुण, जरा घाईतला आवाज. "डॉक्टर काका, मी आबांचा नातू बोलतोय. आपल्याला स्पंज बसवायचेत. चाळीस मेंढ्या आहेत. तुम्ही कधी येता?"

मी गप्पच राहिलो. फोन तुटला असे वाटून तो दोन-तीनदा 'हॅलो, हॅलो' म्हणाला. फोन तुटला नव्हता. 'आबा' आणि 'स्पंज' हे दोन शब्द एका दमात मी पाव शतकाहून अधिक काळ ऐकले नव्हते, आणि खरे सांगायचे तर पुन्हा ऐकावे लागू नयेत अशीच माझी इच्छा होती. तरी शेवटी "रविवारी येतो" म्हणालो. चहा मात्र तसाच राहिला.

मी पशुवैद्य. उभी नोकरी सातारा जिल्ह्याच्या कोरड्या भागात, फलटण-माणच्या परिसरात झाली. गाईम्हशींपेक्षा शेळ्यामेंढ्यांत माझे आयुष्य अधिक गेले. शहरातल्या वाचकाला स्पंज म्हटले की भांडी घासायचा आठवतो, फार तर रसगुल्ला. मेंढीचा स्पंज वेगळा. अंगठ्यापेक्षा जरा जाड, मऊ, दंडगोल तुकडा. त्याला शेपटीसारखा दोरा. त्यात प्रोजेस्टेरॉन जातीचे संप्रेरक भिजवलेले असते. तो एका नळीने मेंढीच्या योनिमार्गात ठेवायचा, बारा ते चौदा दिवस राहू द्यायचा आणि मग दोरा ओढून काढून घ्यायचा. ज्या मेंढ्यांचे स्पंज एकाच दिवशी काढले, त्या बहुतेक सगळ्या पुढच्या दोन-तीन दिवसांत एकदम माजावर येतात. एकदम फळतात, आणि पाच महिन्यांनी एकदम वितात.

हे कसे होते ते सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाही. मेंढी साधारण दर सतरा दिवसांनी माजावर येते आणि तो माज जेमतेम एक-दीड दिवस टिकतो. गाय माजावर आली की हंबरून गल्ली डोक्यावर घेते. मेंढी अगदी गरीब. कळपात मेंढा नसेल तर ती माजावर आली कधी आणि गेली कधी, धन्याला पत्ताही लागत नाही. बीजांडातून बीज सुटले की त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. ही गाठ प्रोजेस्टेरॉन सोडत राहते आणि ते आहे तोवर पुढचे बीज सुटत नाही. गर्भ राहिला नाही, तर तेराव्या-चौदाव्या दिवशी गर्भाशयच निरोप धाडते, गाठ विरते आणि चक्र पुन्हा सुरू होते. स्पंज म्हणजे बाहेरून बसवलेली खोटी गाठ. रेल्वेचे फाटक पडले की वेगवेगळ्या वेळी निघालेल्या गाड्या त्याच्याशी येऊन थांबतात आणि फाटक उघडताच सगळ्या एकदम सुटतात, तसेच हे. सिडनी विद्यापीठातल्या टी. जे. रॉबिन्सन यांनी १९६५ साली ही युक्ती जगापुढे मांडली. हजारोंनी मेंढ्या असलेल्या ऑस्ट्रेलियात कृत्रिम रेतनासाठी रोज एकेक मेंढी शोधत बसणे परवडणारे नव्हते. आपल्याकडे राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिनेही पुढे असे देशी स्पंज तयार केले.

पण आम्हा तरुण डॉक्टरांच्या डोक्यात तेव्हा ऑस्ट्रेलिया नव्हती, स्कॉटलंड होते. १९९७ च्या फेब्रुवारीत 'डॉली'ची बातमी फुटली. एडिंबरोजवळच्या रॉसलिन संस्थेत, बापाविना, एका मेंढीच्या आचळातल्या पेशीपासून हुबेहूब मेंढी! तुम्हालाही ते दिवस आठवत असतील. माणसाची नक्कल निघणार का, यावर चहाच्या टपरीवर वाद रंगत होते. आम्हाला त्या बातमीत दुसरेच दिसत होते. २७७ प्रयत्नांतून एक डॉली जन्मली खरी, पण तिचा गर्भ ज्या मेंढीच्या पोटात ठेवायचा, तिचे दिवस गर्भाच्या दिवसांशी जुळलेले हवेत. एरवी गर्भ टिकतच नाही. म्हणजे त्या सगळ्या चमत्काराच्या तळाशी हेच साधे काम होते: मेंढ्यांच्या तारखा जुळवणे. आणि ते मला येत होते! कोणाकोणाच्या ओळखीने पन्नासेक स्पंज माझ्या हाती आले. आता हवा होता कळप.

आबा माझ्या ओळखीचे. शंभर-सव्वाशे दख्खनी मेंढ्यांची खांड, तीन मेंढे, दोन तट्टे, चार कुत्री. बोलणे मोजके. त्यांच्या वाड्यावर गेलो आणि त्यांना एका संध्याकाळी फायदे मोजून दाखवले. सगळी कोकरं एका वयाची होतील. लशी एकाच दिवशी टोचता येतील. लोणंदच्या बाजारात एकसारखा माल दिसला की व्यापारी चार पैसे जास्त देतो. आणि दोन महिने रोज रात्री उठून विणारी मेंढी शोधण्याऐवजी एकच आठवडा जागायचे, की सुटका.

आबांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "आपलं बी एकदमच येत्यात की, डॉक्टर. जरा मागंम्होरं."

हे खरे होते, आणि मी तिकडे लक्ष दिले नाही. दर चैत्रात आबा आपले तिन्ही मेंढे भावाच्या खांडीत धाडत आणि मृगाचा पाऊस पडून रानात हिरवे दिसू लागले की परत आणत. मला वाटायचे, चाऱ्याची सोय असेल. पुढे कधीतरी वाचताना उमगले की याला शास्त्रात 'मेंढ्याचा प्रभाव' म्हणतात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याची नोंद १९४४ साली केली. उन्हाळ्यात रोडावलेल्या मेंढ्यांची चक्रे थांबलेली असतात. महिनाभर नजरेआड असलेला मेंढा अचानक कळपात आला की त्याच्या नुसत्या वासाने दोन-तीन दिवसांत बीज सुटते. ते पहिले मुके जाते, माज दिसत नाही. खरा माज त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांनी येतो, काहींना आणखी आठवड्याने. म्हणजे आबांच्या मेंढ्याही जुळून येत, पण दोन-तीन दिवसांत नव्हे. दोन-तीन आठवडे हलक्या हाताने पसरलेल्या. 'जरा मागंम्होरं' म्हणजे नेमके हेच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. थंड मुलखातल्या मेंढीचे पंचांग उजेडावर चालते. एडिंबरोला उन्हाळ्याचा दिवस साडेसतरा तासांचा, तर हिवाळ्याचा जेमतेम सात. रात्र वाढू लागली की मेंदूतली एक इवलीशी ग्रंथी जास्त वेळ मेलाटोनिन सोडते आणि मेंढी ओळखते की माजाचा हंगाम आला. कोकरू वसंतात जन्मले पाहिजे. आपल्याकडे मोठ्या आणि लहान दिवसांत फरक दोन-सव्वादोन तासांचा. इथली मेंढी उजेडापेक्षा पोटावर चालते. पाऊस, गवत, अंगावर आलेले मांस, मग माज. तिकडे स्पंजाचा मोठा उपयोग बिनहंगामी मेंढी जागी करण्याचा आहे. माझ्या मेंढ्यांना तर पाऊसच जागे करणार होता. मी काय जागे करत होतो कोण जाणे! पण अंगात वारे शिरले की असे प्रश्न सुचत नाहीत.

आबा शेवटी "बघा बाबा तुम्ही" म्हणाले. तो होकार होता की कंटाळा, हे मी विचारले नाही.

२० जून १९९७ रोजी चाळीस मेंढ्यांना स्पंज बसवले. आबांचा थोरला मुलगा मेंढ्या धरायचा, मी नळी जंतुनाशकात बुडवून काम करायचो. ४ जुलैला, पालखी फलटणला यायच्या आधी, स्पंज काढले आणि प्रत्येकीला एक इंजेक्शन दिले. त्याने माज नेमका येतो आणि बीजेही जास्त सुटतात. तिन्ही मेंढ्यांच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासला. मेंढा जिच्यावर चढेल तिच्या पाठीवर गेरू उमटतो. सकाळी पाठी मोजल्या की हिशेब लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेरू उमटू लागला. त्या संध्याकाळी मी स्कूटरवरून घरी परतलो तो जवळजवळ गात. छत्तीस मेंढ्या माजावर! तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो तिन्ही मेंढे बाभळीखाली मान टाकून बसलेले. एरवी एक मेंढा तीस-चाळीस मेंढ्यांना पुरतो, पण त्या महिना-दीड महिन्यात विखरून येतात. एकाच वेळी येणार असतील तर एका मेंढ्यावर आठ-दहाच्या वर मेंढ्या टाकू नयेत, हे पुस्तकात होते आणि मी वाचलेही होते. धावाधाव करून भावाच्या खांडीतून आणखी दोन आणले. आबांचा मुलगा हसून म्हणाला, "एकाच तिथीला समद्यांची लग्नं काढली, अन् नवरदेव तीनच!" आम्ही सगळेच हसलो. तीसेक मेंढ्या फळल्या असाव्यात, असा माझा अंदाज.

दीडशे दिवस पुढे मोजले तर डिसेंबरचा पहिला आठवडा येत होता. मी तो डायरीत लिहून ठेवला आणि विसरलो. वाड्याचे पंचांग मात्र ठरलेले. दिवाळी झाली की माणसे-मेंढरे पश्चिमेकडे निघतात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवायची. त्या लेंडीखताचे धान्य मिळते, पैसे मिळतात. घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. ही वाटचाल चालू असतानाच मेंढ्या विऊ लागतात आणि त्यात नवीन काही नाही. एका रात्री दोन, कधी चार. सकाळी निघताना नवी कोकरं तट्टावर किंवा खांद्यावर. रात्री त्यांना डालग्याखाली झाकतात, म्हणजे कळपाच्या पायाखाली सापडत नाहीत आणि कोल्ह्या-लांडग्याच्या तोंडीही लागत नाहीत. आठवडाभरात ती पायावर धरतात, डालगी मोकळी होतात आणि पुढच्यांना जागा होते.

निरोप आला तो भोरहून, एका ट्रकवाल्याच्या हाती. मी निघालो आणि दुसऱ्या दिवशी पोचलो. वाडा वरंध घाटाच्या अलीकडे एका भातखाचराशेजारी उतरला होता. तीन रात्री अवकाळी पाऊस पडून नुकता थांबला होता. घोंगड्या वाळत टाकल्या होत्या, पण वाळेल असे ऊन नव्हते. आबांनी मला पाहिले आणि चूल पेटवायला सांगितले.

चार रात्रींत तीस मेंढ्या व्याल्या होत्या. इंजेक्शनामुळे पाच जणींना जुळी झाली होती. पस्तीस कोकरं. त्यातली चौदा मेली होती. बांधाच्या कडेला एक खड्डा नुकता बुजवलेला दिसत होता.

कोकरू थंडीने मरते असे आपण म्हणतो. थंडी असतेच, पण ती एकटी मारत नाही. व्यालेली मेंढी पहिल्या तास-दोन तासांत पिलाला चाटते आणि त्याचा वास मनात धरून ठेवते. त्या वासावरच ती पुढे शेकडो कोकरांतून आपले ओळखते. परक्याला लाथ मारते. एका रात्रीत दहा-बारा मेंढ्या एका वाघरीत, चिखलात, पावसात विऊ लागल्या तर वास धुऊन जातात, पिले एकमेकांत मिसळतात. विण्याच्या बेतात आलेली मेंढी दुसरीचे कोकरू चाटून आपलेसे करते आणि मग स्वतःचे झाल्यावर दोन्हींना सोडते. पहिला चीक पोटात गेला नाही की कोकराच्या अंगात ऊब धरायला काही उरत नाही. जुळ्यांची गत आणखी वाईट. दख्खनी मेंढीला दूध एकापुरतेच असते. पावसात एक दिवटी आणि चार माणसे. कोणाचे पोर कोणाला लावायचे?

मी आबांना म्हटले, "आबा, नुकसान मी भरून देतो." तेव्हाच्या माझ्या पगारात ते जमले नसते, पण म्हणालो खरा.

आबा विस्तव पुढे सारत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, औषीद तुमचं खरं निघालं. सांगितलं त्या दिसाला व्याली. माझीच डालगी कमी पडली. सहा हायती. एकात दोन, लई झालं तर तीन." आणि थोड्या वेळाने, "आंत्रविषाराची लस कधी टोचताय ऱ्हायलेल्यास्नी?"

एवढेच. शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

महिन्याभराने मी अहवाल भरला. छापील तक्ता होता. स्पंज बसवलेल्या मेंढ्या ४०, माजावर आलेल्या ३६, व्यालेल्या ३०, टक्केवारी ७५, जन्मलेली कोकरं ३५. मृत कोकरांचा रकाना तक्त्यात नव्हता. शेवटी 'शेरा' नावाचा एक रुंद रकाना होता. बराच वेळ मी त्यावर पेन धरून बसलो आणि शेवटी लिहिले, 'समाधानकारक'. त्या आकड्यांवर पुढे एका बैठकीत मी दहा मिनिटे बोललो. टाळ्या पडल्या. पंच्याहत्तर टक्के हा त्या काळात चांगलाच आकडा होता आणि त्यात खोटे काही नव्हते. त्यानंतर मी नोकरीत असेपर्यंत एकही स्पंज बसवला नाही. कोणी विचारले की 'आपल्याकडे उपयोग नाही त्याचा' म्हणायचो. हे दुसरे खोटे, कदाचित पहिल्याहून मोठे.

कारण उपयोग होता. माझ्याच तालुक्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, मेंढीवर वेगळ्या वाटेने काम चालू होते. सुंदरबनातली गरोळ ही ठेंगणी मेंढी हमखास दोन-तीन पिले देते. तिच्यातला तो गुण दख्खनीत आणून तिथे 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. त्या गुणामागचा नेमका जनुकीय बदल २००१ साली उलगडला. इंजेक्शनाने आलेले जुळे त्या एका वेतापुरते, जनुकाने आलेले पिढ्यान्‌पिढ्या. पण दोन्हींचा हिशेब आईच्या दुधाशी आणि राखणाऱ्याच्या हातांशी येऊन थांबतो. ते लोक मेंढपाळांच्या कळपात जाऊन कोकरं जगतात किती, याच्या नोंदी ठेवत होते. मी तेव्हा तिकडे फिरकलोही नाही. तोंड कुठे होते?

तर, त्या रविवारी मी नातवाकडे गेलो. आबा जाऊन बारा वर्षे झाली. नातू शेती करतो, कॅनॉलचे पाणी आहे, वाड्याबरोबर हिंडणे बापाच्या काळातच थांबले. पत्र्याची शेड, गव्हाणी, मुरघासाच्या पिशव्या. चाळीस मेंढ्या अर्धबंदिस्त. त्याला हवे होते ते समजण्यासारखे होते. बकरी ईदला वर्षाचा धडधाकट मेंढा विकला तर एरवीपेक्षा दाम बरा येतो. ईद चंद्राच्या पंचांगाने चालते आणि आपल्या कॅलेंडरवर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणजे ईदच्या तारखेपासून मागे एक वर्ष, त्याच्या मागे पाच महिने. एवढे आधी मेंढी फळली पाहिजे. पाऊस ते गणित जाणत नाही. इथे स्पंजाला खरेच काम होते.

त्याची बायको मेंढ्या धरायला पुढे आली. पोट दिसत होते. मी तिला लांब बसायला सांगितले. ती हसली, "काका, औषध मेंढीला, मला कसं बाधंल?" मी म्हटले, "पोरी, बाजारातल्या एका जातीच्या स्पंजात जे औषध असते, तेच सरकारी दवाखान्यात 'अंतरा' म्हणून बायकांना टोचतात, मूल लांबवायला. २०१७ पासून मिळते बघ. मेंढीचे आणि तुझे शरीर आतून फार वेगळे नाही. दिवस असलेल्या बाईने या गोष्टी हाताळायच्याच नाहीत. आणि नवऱ्याला सांग, त्यानेही हातमोजे घालायचे." हे १९९७ साली मी कोणाला सांगितले नव्हते. आबांच्या घरातही तेव्हा सुना होत्याच.

इंजेक्शनाबद्दलही त्याला सांगितले. ते गाभण घोडीच्या रक्तापासून काढतात. त्यातला गुण १९३० साली कोल आणि हार्ट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी शोधला, आणि तेव्हापासून जगभर ते वापरले जाते. आइसलँड, अर्जेंटिना, उरुग्वे या देशांत त्यासाठी घोड्या पाळून त्यांचे रक्त काढतात. २०२१ साली आइसलँडमधल्या अशा ठिकाणच्या चित्रफिती बाहेर आल्या, तेव्हा युरोपात मोठा गदारोळ झाला. नातू म्हणाला, "मग न देता चालंल का?" चालते. मेंढ्या धष्टपुष्ट आणि हंगामातल्या असतील तर नुसत्या स्पंजानेही माज येतो. जरा मागंम्होरं, इतकेच. आषाढात, गव्हाणीत भरपूर चारा असताना त्याची गरज नव्हती. आम्ही ते दिले नाही. जुळ्यांचा हव्यासही आपोआप टळला.

मग मी त्याला सगळे सांगितले. खड्डा, तक्ता, शेरा. शेडच्या दारात उलट्या घमेल्यावर बसून, पाव शतकानंतर पहिल्यांदाच कोणाला तरी.

तो मुकाट्याने ऐकत होता. मग म्हणाला, "आजी सांगायची की त्या सालाचं. वरंध्याच्या पावसाचं."

"काय सांगायची?"

"म्हणायची, त्या साली एकवीस कोकरं आम्ही पोटाशी धरून जगवली. एकीच्या बी आईला पान्हा धड नव्हता. तुमचं नाव नाय कधी घेतलं तिनं."

मी तक्त्यावर पस्तीस लिहिली होती. माझ्या मनात इतकी वर्षे चौदा होती. एकवीस हा आकडा मी कधी मांडलाच नव्हता, आणि वजाबाकी तर पहिलीतल्या पोराची.

बऱ्याच वेळाने विचारले, "डालगी किती आहेत तुझ्याकडे?"

"जुनी चार. मोडकी हायत. पण टोमॅटोचे क्रेट हायत की, पंधरा-वीस."

"मेंढे किती?"

"दोन."

"रात्री उठणारे?"

तो बायकोकडे बघून हसला. "मी एकटाच धरा. हिचा नंबर मार्गशीर्षातच हाय."

"मग पहिल्या खेपेला दहाच. दुसरी दहा तीन आठवड्यांनी, बाळंतीण घरी आल्यावर ठरव."

त्याला चाळीसांची घाई होती, ते चेहऱ्यावर दिसत होते. पण वाद घातला नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयाची पाने पुढे उलटत त्याने दीडशे दिवस बोटाने मोजले आणि डिसेंबरच्या पानावर गेरूनेच एक ठिपका दिला. मी एक वही मागून घेतली आणि पट्टीने रकाने आखले. स्पंज, माज, व्यालेल्या, जन्मलेली, मेलेली, विसाव्या दिवशी जिवंत. शेवटच्या रकान्यासाठी पान पुरेना, तेव्हा बाजूच्या पानावर रेघ ओढली.

डिसेंबरात त्याचा फोन आला नाही. मला चैन पडेना, मीच लावला. उचलला तो त्याच्या बायकोने, मागे तान्ह्याचे रडणे. नातू म्हणे शेडमध्ये होता. दहातल्या नऊ माजावर आल्या, आठ व्याल्या, चार रात्रींत. नऊ कोकरं. एक मेले. मी वही आणायला सांगितली. तिने रकाने वाचून दाखवले. विसाव्या दिवसाचा अजून रिकामा होता, सोळावाच चालू होता.

"आणि काका," ती म्हणाली, "ह्यांनी इचारलंय, पुढच्या खेपेला पंधरा चालतील का? क्रेट आणखी आणलेत."